पहिला दात

फार पूर्वी वेत्रवती नगरीवर सुबाहू नावाच्या राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व राजाच्या शिकारी टोळीतल्या एका कुत्रीच्या पोटी जन्माला आला. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे होते, म्हणून त्याचे नाव शबल पडले.

राजाला शिकारीचे वेड होते. साधासुधा छंद नव्हे. राज्यकारभार एकीकडे आणि कुत्र्यांची टोळी एकीकडे. दरबारात एखाद्या गरिबाची फिर्याद लांबली तरी चालेल, पण कुत्र्यांच्या जेवणाची वेळ टळता कामा नये. ही टोळी रोहक नावाचा माणूस सांभाळत असे. त्याचा बाप आणि आजा हेच काम करत आले होते. कुत्र्यांना खाऊ घालायचे, त्यांच्या पायांतले काटे काढायचे आणि एखाद्याने टोळीचा नियम मोडला तर त्याला भाल्याने मारायचे, हे सगळे त्याच्याच हाताने होई.

नियमही तसा कडक होता. जनावराचा माग लागला की पहिली साद टोळीतल्या पुढच्या कुत्र्याने द्यायची. ती कानी पडल्याशिवाय बाकीच्यांनी धावायचे नाही. जनावर कोंडीत सापडले की पहिला दातही पुढच्यानेच लावायचा. त्याने लावला नाही तोवर बाकीच्यांनी तोंड पुढे करायचे नाही. माग लागूनही जो पुढचा कुत्रा मुका राहील किंवा दात लावणार नाही, तो साऱ्या टोळीला बिघडवतो, म्हणून त्याला जागच्या जागी मारायचे.

शबलच्या आईचे नाव काळी. पूर्वी तीच या टोळीची पुढची होती. एका हिवाळ्यात करवंदीच्या जाळीपाशी ती थांबली, मान वर करून उभी राहिली आणि मुकीच राहिली. रोहकाने पुष्कळ चुचकारले, पण तिने साद दिली नाही. मग नियमाप्रमाणे त्याने तिला मारले आणि तिच्या मागच्या कुत्र्याला पुढे केले. त्याने लगेच साद दिली, आणि त्याच जाळीतून कोल्हीण निघाली, पिल्लांसकट. टोळीने एकही पिल्लू ठेवले नाही. "बघा, नाक गेलं होतं हिचं," रोहक शिकाऱ्यांना म्हणाला. माग तर होताच, मग कुत्री मुकी का राहावी? नाक गेल्याशिवाय असे होत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

टोळीची पिल्ले मोठी होईपर्यंत माणसांच्या घरात ठेवायची पद्धत होती. कोंबड्या-शेळ्यांत वावरून ती माणसाळत. तेव्हा शबल रोहकाच्याच घरी होता. रोहकाची बायको नंदिला त्याला रोज भाताची पेज पाजत असे. काळीला मारून रोहक घरी आला तेव्हा पिल्लू शेपूट हलवत त्याच्या पायांत आले. त्याला उचलून घ्यायचे रोहकाच्या जिवावर आले. तो हातपाय न धुताच भिंतीकडे तोंड करून निजला.

शबल मोठा झाला. ओले कातडे दोरीने ओढत नेऊन त्याचा माग काढायला कुत्र्यांना शिकवत. त्या शिकवणीत शबलने एकदाही खोटी साद दिली नाही. कितीही नाले आडवे आले, वर मेंढ्यांचा कळप चालून गेला, तरी तो माग सोडत नसे. शिकारी म्हणू लागले, "शबल बोलला ना? मग झालं तर." राजाने त्याला पुढचा केले, आणि हिवाळ्यातल्या पहिल्या शिकारीला शेजारच्या देशाच्या राजाला आमंत्रण धाडले. आपल्या कुत्र्याची बढाई त्याने आधीच मारून ठेवली होती.

सकाळी सगळे माळावर जमले. गवतावर अजून दव होते. शबल खाली मान घालून हुंगत चालला, त्याच्या मागे टोळी, टोळीच्या मागे रोहक आणि मग घोड्यांवरचे दोन राजे. ओढ्याच्या काठाशी शबल एकाएकी थांबला. त्याने मान वर केली आणि तो नुसता उभा राहिला.

रोहकाला आठवले: काळी अशीच उभी राहिली होती, अगदी अशीच. रोहक पुढे झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दे रे साद, शबल्या. माझ्या हातून तुला मारवू नकोस."

शबलने त्याच्याकडे पाहिले. मग ओढ्यापलीकडच्या दरडीकडे पाहिले आणि साद दिली. लांब, स्वच्छ आवाजात. रोहकाचा जीव भांड्यात पडला. टोळी उसळली, घोडे निघाले, आणि साऱ्यांच्या पुढे शबल दरडीखालच्या बिळापाशी पोचला. तिथे पोचल्यावर मात्र तो मागे वळला आणि बिळाच्या तोंडावर आडवा झाला.

मागून आलेली टोळी जागीच थबकली. कुत्री तळमळत होती, त्यांच्या तोंडांतून लाळ गळत होती, पण पुढच्याने दात लावला नव्हता. एकेक करून ती खाली बसली.

राजा घोड्यावरूनच ओरडला, "रोहक, कुत्र्याला झालंय काय तुझ्या?"

"दमला असेल, महाराज."

"ओढ्यापासून इथवर येऊन दमला? मला शिकवतोस?" पाहुणा राजा गालातल्या गालात हसत होता आणि सुबाहूला ते दिसत होते. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "नियम तुला ठाऊक आहे. उचल भाला."

रोहकाने भाला उचलला. शबल हलला नाही. भाला उगारलेल्या त्या माणसाकडे पाहून त्याने एकदाच शेपूट हलवली. नंदिला पेजेचे भांडे घेऊन दारात येई तेव्हा तो असाच शेपूट हलवत असे. रोहकाचा हात खाली आला.

"महाराज, आजवर तुमचा शब्द कधी मोडला नाही," तो म्हणाला. "पण हे माझ्याच्याने होणार नाही. वाटलं तर मला मारा."

राजाने घोड्यावरून उडी टाकली, त्याच्या हातचा भाला हिसकावला आणि शबलवर घातला. रागाने हात चळला आणि पाते खांद्यात शिरले. रक्त बिळाच्या तोंडाशी ओघळले. शबल गुरगुरला नाही आणि जागचा सरकलाही नाही. राजाने भाला उपसून पुन्हा उगारला, तेव्हा तो मनुष्यवाणीने बोलू लागला.

"महाराज, साद खरी द्यायची हे माझं काम. ते मी केलं. आत कोल्हीण आहे, आणि तिच्या पिल्लांचे डोळे अजून उघडायचे आहेत. माझ्या आईलाही असंच कळलं होतं, म्हणून ती मुकी राहिली. तुम्ही तिला मारलंत, मागच्याला पुढे केलंत आणि ती पिल्लं गेलीच. मुकं राहून ती वाचत नाहीत, हे मला तिच्याकडून कळलं. म्हणून मी साद दिली, तुम्हाला इथवर आणावं म्हणून."

"मग दात का लावला नाहीस?" राजाने विचारले. भाला अजून वरच होता.

"कारण या साऱ्या टोळीचा पुढचा मी नाही. मी फक्त कुत्र्यांचा पुढचा. माझ्या मागे कुत्री बसली आहेत, आणि तुमच्या मागे ही सगळी माणसं उभी आहेत. तुम्ही दात लावाल तिथे ती लावणार. तेव्हा नियम पाळायचा तर पहिला दात तुमचा, महाराज. मला मारून हे काम पुन्हा दुसऱ्या कुत्र्यावर ढकलू नका. या, वाका आणि लावा. मी बाजूला होतो."

आणि तो खरोखरच रक्ताळलेला पाय ओढत बाजूला झाला.

राजा पुढे आला. इतकी वर्षे तो शिकार करत होता, पण कुठल्या बिळात त्याने कधी डोकावले नव्हते. घोड्यावरून बीळ दिसतच नाही. तो गुडघ्यांवर बसला, वाकला आणि त्याने आत पाहिले. कोल्हीण मातीला पाठ टेकून बसली होती. मागे सरायला तिला जागाच उरली नव्हती. ती दात विचकत नव्हती. ती घाईघाईने एकेका पिल्लाला चाटत होती, उरलेल्या वेळात जेवढे होईल तेवढे.

राजा बराच वेळ तसाच वाकून राहिला. उठला तेव्हा त्याच्या दाढीला माती लागली होती आणि डोळ्यांतले पाणी त्याने लपवले नाही. त्याने भाला जमिनीवर ठेवला. पाहता पाहता मागच्या सगळ्या शिकाऱ्यांनी आपापले भाले खाली ठेवले. पाहुणा राजाही घोड्यावरून उतरला. कोणी कोणाला हुकूम दिला नव्हता.

रोहकाने डोक्याचे पागोटे सोडून शबलची जखम बांधली आणि त्याला खांद्यावर घालून घरी आणले. नंदिला पेज घेऊन आली, तर रोहक उंबऱ्यातच बसलेला.

"नंदिले," तो म्हणाला, "काळीचं नाक शाबूत होतं गं." एवढे बोलून तो लहान मुलासारखा रडला. तिने पेजेचे भांडे शबलपुढे ठेवले आणि ती नवऱ्याजवळ बसली.

त्यानंतर सुबाहू राजा शिकारीला गेला नाही. टोळीतली कुत्री धनगरांना मेंढ्या राखायला दिली. शबल तीन पायांवर लंगडत म्हातारा होईपर्यंत रोहकाच्या घरी राहिला.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, सांगितली ती विहारात दोन गटांचे भांडण विकोपाला गेले होते तेव्हा. एका गटाचे ज्येष्ठ स्थविर, म्हणजे वडील भिक्खू, हटायला तयार नव्हते, आणि ते माघार घेत नाहीत तोवर त्यांच्या बाजूचे भिक्खूही अडून बसले होते. गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा रोहक म्हणजे आज आजाऱ्यांची सेवा करणारा सोणक. नंदिला म्हणजे भिक्खुणी खेमिका. काळी म्हणजे माझी त्या जन्मीचीही आणि या जन्मीचीही माता. शबल मी स्वतः होतो." मग स्थविरांकडे पाहून ते सौम्यपणे म्हणाले, "आणि सुबाहू राजा आपण होता, स्थविर. तेव्हा आपण वाकला होता."

स्थविर उठले आणि समोरच्या गटातल्या सर्वांत लहान भिक्खूपुढे जाऊन त्यांनी हात जोडले. त्यांच्या मागे बसलेले सगळे एकेक करून उठले.

शबलच्या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्ण केली ती मैत्री पारमिता, म्हणजे सर्व जिवांवरच्या प्रेमाची परिपूर्णता.