डाव्या हाताची गिटार

“...आणि डाव्या हाताची गिटार नऊ हजारांत मिळतच नसेल, तर मग मी करायचं काय?”

कैतान मास्तर ओट्यावर बसून एका जुन्या व्हायोलिनची खुंटी घासत होते. घासत राहिले.

विचारणारा होता मेल्विन रुमाव. वय एकोणतीस. वसईजवळच्या त्यांच्या गावात एके काळी गिटार म्हटलं की लोक त्याचंच नाव घेत. तो शिकला मास्तरांकडेच. आठ वर्षांपूर्वी, आता इथे शिकण्यासारखं काही उरलं नाही, असं चारचौघांत बोलून तो निघून गेला होता. तेव्हापासून दिवसा कारखान्यात प्रेस मशीनवर काम आणि लग्नसराईत बँडमध्ये गिटार.

गेल्या उन्हाळ्यात त्या मशीनने त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नेली. मधल्याचं एक, त्याच्या शेजारच्याचं एक. तारा दाबायचा हात तो.

इस्पितळातून घरी आल्यावर आठवड्याभरात त्याने गिटार विकून टाकली. पुन्हा शिवायची नाही म्हणाला, आणि चार महिने शिवला नाही. मग एका रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गायनमंडळ सुरू झालं आणि त्याच्या लक्षात आलं की आपली बोटं बाकाच्या कडेवर तारा दाबताहेत. उजव्या हाताची बोटं.

त्याच दुपारी त्याने ठरवलं. हात बदलायचे. उजव्याने दाबायचं, डाव्याने छेडायचं. आणि नाताळच्या मिस्साला गायनमंडळात बसायचं.

पण डावखुऱ्यांची गिटार वेगळी असते. त्याने मुंबईतल्या दुकानांत फोन केले. दोन मिळत होत्या, दोन्ही वीस हजारांच्या वर. त्याच्याजवळ होते जुनी विकून आलेले नऊ हजार. बाकी सगळीकडे विचारून झालं, तेव्हा कुठे तो आठ वर्षांनी मास्तरांच्या ओट्याशी आला.

“साधीसुधी नको मला, मास्तर,” तो म्हणाला. “गिटार चांगली असली, तर उरलेलं ती सांभाळून घेईल.”

“उरलेलं म्हणजे?”

मेल्विनचा डावा हात पँटच्या खिशात होता. आल्यापासून तिथेच होता...

मास्तरांनी खुंटी खाली ठेवली आणि पायात चपला सरकवल्या.

“चल.”

स्टेशनजवळच्या वाद्यांच्या दुकानात पुनमियाशेठ गल्ल्यावर होते. कुणासाठी हवी, असं त्यांनी विचारलं. मेल्विनने सांगितलं, भावासाठी. त्याला भाऊ नव्हता. हे मास्तरांना ठाऊक होतं.

मेल्विनची नजर एका काळ्या, झगझगीत गिटारवर गेली. तिचा एक कोपरा आत कापलेला, म्हणजे गळ्याच्या बुडाशी वरच्या सुरांची घरं असतात तिथवर हात पोचावा. बाजूला वायर जोडायची सोय. किंमत बरोबर नऊ हजार.

मास्तरांनी ती उचलली. सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून गळ्याचा सरळपणा बघितला. एकेक तार एकेका घरात दाबून वाजवली. कुठे घरघर नव्हती. मेल्विनला बरं वाटलं.

“आता उलटी धर,” मास्तर म्हणाले.

त्याने धरली. कापलेला कोपरा वर छातीशी आला आणि हात जायचा तिथे गिटारचं पोट आडवं आलं.

तेव्हा मास्तरांनी त्याला समजावलं. दोन्ही खांदे सारखे असलेली कुठलीही साधी गिटार उलटवता येते. तारांचा क्रम फिरवायचा, गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी नवी घासायची, खालची तिरकी पट्टीही बदलायची. ते काम ते स्वतः करणार होते. फार वरच्या सुरांत थोडा फरक राहील, तेवढा सोसावा लागेल. मात्र त्यासाठी वीस हजार मोजायची गरज नाही.

मेल्विनने दोन्ही खांदे सारखे असलेल्या गिटारी काढायला लावल्या. मास्तरांनी एकेकीच्या भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. कडेला प्लायवूडसारखे लाकडाचे पापुद्रे दिसत होते, एकावर एक चिकटवलेले. दोन बघून त्यांनी बाजूला ठेवल्या. मग ते कोपऱ्याकडे गेले.

तिथे एक वापरलेली गिटार टांगलेली होती. बँकेतल्या कुणा बदली झालेल्या साहेबांनी विकायला ठेवलेली. तकाकी गेलेली, भोकाखाली लांब ओरखडा. पण तिच्या वरच्या लाकडाच्या रेषा भोकाच्या कडेवरून तशाच आत उतरत होत्या. सबंध एक फळी.

“ही?” मेल्विन म्हणाला. “मास्तर, नाताळला सगळं गाव असणार.”

मास्तरांनी ती खाली उतरवली.

त्याचा जीव त्या काळीवर होता. कोपऱ्याचं काय, वरच्या घरांत जाणारच नाही मी, असं त्याने ठरवून टाकलं होतं. काळी पुन्हा मांडीवर घेऊन, गल्ल्यावरची तारा छेडायची प्लास्टिकची पात उजव्या हातात धरून त्याने मोकळ्या तारांवर जोरात फिरवली. दुकान भरून गेलं. मग तेच त्या जुनीवर केलं. ती खणखणली, पण त्या मानाने कमीच.

“ऐकलंत?”

“ऐकलं,” मास्तर म्हणाले. “पण ह्या हाताने तर तू दाबणार आहेस. छेडणार कोण?”

मेल्विनने पात गल्ल्यावर ठेवली.

“हात काढ.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. मेल्विनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मास्तर घाई करत नव्हते आणि वळूनही बघत नव्हते. ते नुसते उभे होते...

त्याने हात बाहेर काढला.

पुनमियाशेठांनी एकदा बघितलं. मग उठून त्यांनी पंखा बंद केला.

“मधल्या बोटाने,” मास्तर म्हणाले. “एकच तार.”

मेल्विनने काळी उलटी धरली आणि थोट्या बोटाने तार ओढली. त्या बोटाला नख उरलं नव्हतं, नुसती नवी, मऊ कातडी. आवाज आला तो टेबलावर बोट आपटल्यासारखा. त्याने जोर केला. बोटातून कळ गेली. आवाज तेवढाच.

मास्तरांनी त्याच्या हातात ती जुनी दिली.

तार हलली. सूर गोल निघाला, खालच्या अंगाचा, आणि थांबून राहिला. मेल्विनने मान वर केली. इतक्या वर्षांत असा आवाज त्याच्या हातून निघाला नव्हता. त्याचं वाजवणं नखाचं आणि पातीचं. लोक त्याची धार वाखाणत. ह्या सुराला धारच नव्हती.

त्याने आणखी हळू छेडलं. तिने तेही ऐकलं. त्याहून हळू. तेही.

पुनमियाशेठांनी साडेसात हजार सांगितले. उरलेल्या दीड हजारांत नव्या तारा आणि पट्ट्या घासायला लागणारं हाड येणार होतं.

“द्या,” मेल्विन म्हणाला. आणि मग, “भावासाठी नाही, शेठ. मलाच हवीय.”

दोन दिवसांत मास्तरांनी गिटार उलटवून दिली. तिसऱ्या दिवसापासून मेल्विन ओट्यावर येऊन बसू लागला, कामावर जायच्या आधी तासभर. ज्याला शेकडो गाणी यायची, त्याच्या उजव्या हाताला तीन बोटांचा एक सोपा स्वरमेळ धड जमेना. एक तार दाबली की दुसरी सुटायची. बोटांची टोकं लाल झाली, मग सोलली, मग घट्ट झाली. रस्त्याने जाणारी ओळखीची माणसं थांबून बघायची. पहिल्या आठवड्यात तो पाठ फिरवून बसायचा. पुढे पुढे फिरवेनासा झाला.

मास्तर मोजकंच सांगत. मनगट उतरव. अंगठा सैल. पुन्हा.

तो पुन्हा करायचा.

नाताळच्या मिस्साला गायनमंडळाने सात गीतं म्हटली. त्यांतल्या दोन गीतांना मेल्विनने साथ केली. चार स्वरमेळ, एकही जास्त नाही. एकदा बोट घसरलं. त्याने साथ थांबू दिली नाही, पुढच्या ओळीला धरून घेतलं. दुसरं गीत संथ होतं, त्यात गिटारचा आवाज मागच्या बाकांपर्यंत गेला.

बाहेर अंगणात लोक भेटले. पुष्कळांनी त्याचा हात हातात घेतला, डावाच. एक वयस्क बाई मायेने म्हणाल्या, छान झालं रे, पूर्वीसारखं नसलं तरी छान झालं.

मेल्विन हसला. पण ते शब्द त्याला लागले. गर्दी पांगल्यावर त्याने मास्तरांना चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. गिटार त्याच्या खांद्यावर होती.

“मास्तर, रोज दोन तास बसेन. तीन बसेन. मागे हटणार नाही. फक्त एक सांगा... पूर्वीसारखं कधी वाजेल?”

मास्तर दोन पायऱ्या उतरले. थांबले.

“पूर्वीचं मी ऐकलंय,” ते म्हणाले. “पुढचं वाजव.”