चित्रातलं गाव

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा पृथ्वीवर रस्ते कमी होते आणि राजे जास्त. अशाच एका राज्यात एक धनाढ्य शेठ राहत होता. त्याला चित्रं जमवायचं भारी वेड. हवेलीच्या भिंती चित्रांनी भरून गेल्या होत्या. पण धूळ बसू नये म्हणून प्रत्येक चित्रावर मखमली पडदा असायचा. पाहुणा आला की शेठ पडद्याकडे बोट दाखवून चित्रकाराचं नाव तेवढं सांगायचा.

एवढं असूनही त्याच्या जिवाला एक चुटपुट होती. राज्याच्या सेनापतीला राजानं मानाचा रत्नजडित तोडा बहाल केला होता, आणि सेनापती तो कधीच घालत नसे. का बरं घालत नसेल? या विचारानं शेठला अन्न गोड लागेना. शेवटी त्यानं निरोप धाडला, की वापरत नसाल तर तोडा मला द्या आणि हवं ते चित्र घेऊन जा.

सेनापती आला. एकेक पडदा सारत सावकाश हिंडला. एका लहानशा चित्रापाशी मात्र त्याचे पाय खिळले. नदीकाठचं साधं खेडं होतं ते. त्यानं तेच मागितलं.

शेठला हसू आलं. इतक्या नामांकित चित्रांतून हे का, असं त्यानं विचारलं.

"तोडा मला याच गावापायी मिळाला," सेनापती म्हणाला. "गावानं शत्रूला आसरा दिला म्हणून मी ते जाळलं. आता ते एवढंच उरलंय."

तोडा हाती आला, पण शेठचं कुतूहल काही शमेना. तो सेनापतीच्या मागोमाग निघाला. नगराबाहेर त्या गावची उरलीसुरली माणसं झोपड्या घालून राहत होती. हे या शेठजींच्या घरी होतं, असं सांगून सेनापतीनं चित्र त्यांच्यापुढं ठेवलं आणि मान खाली घातली. मग तो निघून गेला.

सगळे चित्रावर ओणवले. एका म्हातारीनं चाचपडत आपल्या घरावर बोट ठेवलं आणि तिला रडू कोसळलं. मग ती शेठकडे वळली.

"इतकी वर्सं तुमच्या घरात होतं, तर तुमीच सांगा. दारात आमची गाय काढलीया का? मला आता बारीक दिसत न्हाई."

शेठला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, मी कधी बघितलंच नाही," तो म्हणाला.

मग तो तिथंच मातीत बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक चित्र डोळे भरून पाहू लागला.

"आहे, आजी," तो हळूच म्हणाला. "वासराला चाटतेय."

जवळ बाळगलं म्हणजे ओळख झाली, असं नसतं.