कौस्तुभने पाटी पुसली

"मग काय, गप्प बसू? फुकट घेतात, वर शिव्या देतात... त्यांच्यापुढे नाक घासू का, बाई?"

कौस्तुभ खोचीकर चपला काढायच्या आधीच बोलायला लागला होता.

वेलणकरबाई आपल्या जुन्या संगणकासमोर बसून गवार मोडत होत्या. मिरजेच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्या स्वतः प्रोग्रॅमिंग शिकल्या आणि मग आठ-दहा जणांना शिकवलं. त्यांतला हा सर्वांत हुशार. ही गोष्ट त्यालाही जरा जास्तच ठाऊक होती.

कौस्तुभ दिवसा दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाचं फॅट तपासायचा. उरलेल्या वेळात हौसेखातर त्याने 'पाटी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. संगणकाच्या पडद्यावर एक छोटी पाटी चिकटायची आणि तिच्यावर आपल्या नोंदी लिहायच्या. कोड सगळा नेटवर उघडा. कुणीही न्यावा, हवा तसा बदलावा. लोक नेतही होते.

पण ज्या संगणक-प्रणालीवर ही पाटी चालायची, तिची दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती यायची आणि पाटी निखळून पडायची. दर वेळी कौस्तुभ रजा टाकून ती पुन्हा चिकटवायचा. या वेळी त्याला उशीर झाला. तेवढ्यात कुणा अनोळखी माणसाने नेटवर सगळ्यांदेखत लिहिलं, 'चार दिवस झाले. जमत नसेल तर लाज तरी वाटू द्या.'

"मी नोकर आहे का त्यांचा?"

"नाहीस."

"दोन वर्षं घातली मी यात!"

"घातलीस."

"तर आज सगळं पुसून टाकणार. घरची प्रत सकाळीच उडवून आलोय. नेटवरची तुमच्यासमोर उडवतो. कळू दे एकेकाला!"

...

बाईंनी गवारीचं ताट बाजूला सरकवलं. हात पदराला पुसले आणि कीबोर्ड त्याच्यापुढे केला.

"पूस."

कौस्तुभ चपापला. खरं सांगायचं तर स्वारी मनधरणी करून घ्यायला आली होती. पण आता माघार घेईल तो खोचीकर कसला!

त्याने ब्राउझरमध्ये आपलं खातं उघडलं. खात्रीसाठी प्रोग्रॅमचं पूर्ण नाव पुन्हा टाईप करा, असं पडद्यावर आलं. त्याने केलं. बोट क्षणभर अडखळलं... आणि त्याने बटण दाबलं.

दोन वर्षांची मेहनत गेली. मान मात्र ताठ होती.

बाईंनी ब्राउझर बंद केला. मागे, पडद्याच्या कोपऱ्यात, पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'गॅसचा नंबर लावणे.'

"ही... नव्या आवृत्तीवर? पण त्या आवृत्तीवर पाटी चालतच नाही!"

"चालते. परवा तुझ्या कोडातल्या सात ओळी बदलल्या."

"मला न विचारता?"

"न विचारता."

"आणि... आणखी कुणाला दिलीत?"

"मागितली त्यांना. त्या लाज काढणाऱ्याला सगळ्यांत आधी."

"त्याला?"

"त्याच्याइतकी खोट कोण काढणार? त्याच्याकडे टिकली म्हणजे कुठेही टिकेल."

कौस्तुभ रागाने लाल झाला.

"मग मी आत्ता पुसलं काय?"

"तुझं नाव."

...

तो पाटीकडे बघत राहिला. त्या सात ओळी कुठल्या, हे बघायला जीव नुसता तळमळत होता. पण 'दाखवा' म्हणेल तर शपथ.

"पाटी माझी आहे," तो शेवटी म्हणाला. "एकेक अक्षर मी लिहिलंय. माझा कोड मला परत द्या."

"परत नाही मिळणार," बाई म्हणाल्या. "हवा तर सगळ्यांसारखा घे."