राखेने घासलेले गोटे

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलं नाही. गाव होतं खडकावरचं. माती वीतभर, पाणी घागरभर. उन्हाळ्यात औषधालाही हिरवं पान सापडायचं नाही.

त्या गावात एक तरुण आई होती. तिची पोर चार वर्षांची. दिवे लागायची वेळ झाली की पोरीला दिसेनासं व्हायचं. भिंत चाचपत ती हाका मारायची, "आई, कुठंयस?" आई समोरच असायची.

वैद्य डोळ्यांत घालायला अंजन देऊन म्हणाले, "हिच्या पोटात रोज पालेभाजी जाऊ दे. नाहीतर दिवसाचंही दिसायचं नाही."

भाजी होती एकाच घरी, शेजारच्या एकट्या म्हातारीच्या परसात. तिथे एक दगडी डोणी, डोणीत मासे. वर फळीवर बुडाला भोकं पाडलेली मडकी, मडक्यांत नदीतले गोटे, आणि गोट्यांतून वर आलेला हिरवागार पालक. माती चिमूटभरही नाही! म्हातारी डोणीतलं पाणी तांब्याने गोट्यांवर ओतायची, ते झिरपून परत डोणीत पडायचं. तेच पाणी फिरून फिरून, तरी कधी नासायचं नाही.

म्हातारी रोज पोरीसाठी जुडी द्यायची. हळूहळू पोरीला तिन्हीसांजेला दिव्याची वात दिसू लागली. आईला वाटलं, हा वैद्यांच्या अंजनाचा गुण. जुडी हातात घेताना मात्र तिच्या मनात पाल चुकचुकायची.

पाणवठ्यावर बायका डिवचायच्या, "दगडातून कधी भाजी उगवते का गं? आणि वर फुकट? घाल बाई, घाल खायला. पोर तुझी आहे!"

एकदा म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला निघाली. म्हणाली, "माशांना कोंडा टाक. सकाळ-संध्याकाळ गोट्यांवर पाणी ओत. भाजी पोरीला कर. फक्त गोट्यांना हात लावू नकोस."

"का हो आजी?"

"नको म्हटलं ना! सगळ्याला कशाला का?"

झालं! आईच्या डोक्यात किडा वळवळू लागला. गोट्यांखाली आहे तरी काय? अंगारा? बाहुली? एखादं हाडूक? शेवटी न राहवून तिने मडकी उपडी केली.

काहीच नव्हतं. पण गोट्या-गोट्यावर तपकिरी बुळबुळ होती, माशांच्या वासाची.

"शी! ही घाण माझ्या लेकराच्या पोटात?"

तिची भांडी गावात आरशासारखी म्हणून नावाजलेली. बसली ती राख घेऊन आणि गोटा न् गोटा लख्ख घासला. राख संपली म्हणून कोपऱ्यातलं एक मडकं तेवढं राहून गेलं. मग तिने रोपं पुन्हा खोवली आणि समाधानाने हात धुतले.

थोड्याच दिवसांत पाणी गढूळलं. मासे वर येऊन आ वासू लागले, मग उलटे तरंगू लागले. पालक पिवळा पडला. आणि एका तिन्हीसांजेला पोर पुन्हा भिंत चाचपत आली. "आई, दिवा नाही लावलास?"

दिवा लावलेला होता.

म्हातारी परतली, डोणी बघून तिने एक लख्ख गोटा उचलला. आईने घाण घासून काढल्याचं सांगितलं, तशी ती म्हणाली, "अगं, ती घाण नव्हती. त्या बुळबुळीत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशांची घाण खाऊन ते तिचं खत करतात. त्यावर भाजी जगते, त्यानेच पाणी निवळतं. राखेने तू त्यांनाच मारलंस."

आईला रडू फुटलं. "मग आधी का नाही सांगितलंत?"

म्हातारीने एक पिवळं पान खुडलं. "तू शिकलीस की घरी डोणी मांडशील. मग माझ्या दाराशी कोण येणार? या भीतीने नाही सांगितलं, पोरी."

दोघी कोपऱ्यातल्या मडक्यापाशी गेल्या. त्यातले बुळबुळीत गोटे त्यांनी मूठ-मूठ सगळ्या मडक्यांत घातले. तगलेल्या दोन-चार माशांवर पुन्हा डाव मांडला. पण मेलेले जीव एका दिवसात परत येत नाहीत. उभा उन्हाळा पानाविना गेला, आणि उभा उन्हाळा पोर भिंती चाचपत राहिली. चूक दोघींची, अंधार तिच्या वाट्याला.

पावसाळा सरता सरता आईच्या परसातही डोणी आली. म्हातारी रोज तिथेच बसायची. पोर पालक खाऊ लागली. अशाच एका तिन्हीसांजेला ती डोणीवर वाकली आणि ओरडली, "आई, आजी, तो बघा मासा!"

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, एवढं ध्यानात ठेवा: न बोलता धरलेला संशय आणि न सांगता ठेवलेलं गुपित, दोन्हींची शिक्षा तिसऱ्याच जिवाला भोगावी लागते.