मालकाच्या पोटातलं बाळ

पांघरूण घेतलंत? ए, पाय आत. हं, ऐका.

एकदा काय झालं, लांब मेक्सिको देशात, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावात एक होता मालक. प्रोकोपिओ त्याचं नाव. जमीन त्याची, विहीर त्याची, आणि माणूस पक्का कवडीचुंबक. त्याच गावात होती चोनामावशी. ती पाव भाजायची. पणजीपासून चालत आलेली भट्टी होती तिची. ताठ मानेची बाई, बरं का. गरीब होती, पण कच्चा पाव कधी कुणाला दिला नाही.

तिकडे जानेवारीत तीन राजांचा सण असतो. बाळ येशूला बघायला तीन राजे आले होते ना, त्याचा. त्या दिवशी मोठा कड्यासारखा गोल पाव करतात आणि आत लपवतात चिनीमातीचं बाळ. वाटाण्याएवढं. तोच बाळ येशू. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल, त्यानं फेब्रुवारीच्या सणाला सगळ्या गावाला तमालेस खाऊ घालायचे. तमालेस म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरायचं, कणसाच्या सालीत गुंडाळायचं आणि वाफवायचं. आपल्या पातोळ्यांची मावसभावंडंच म्हणा ना.

मग त्या वर्षी बाळ कुणाच्या तुकड्यात निघालं? मालकाच्या! दाताला टक्कन लागलं. त्यानं मनात म्हटलं, अबब, अख्ख्या गावाला जेवण? आणि मेल्यानं बाळ गिळून टाकलं.

सगळा पाव संपला. बाळ कुठेच नाही. मालक ओरडला, "या बाईनं बाळ घातलंच नाही! गावाला फसवलं!"

चोनामावशी म्हणाली, "मालक, एक वेळ मी मीठ विसरेन, बाळ विसरणार नाही."

पण मालकापुढे बोलणार कोण? त्यानं भट्टीला कुलूप ठोकलं. म्हणाला, "नाताळपर्यंत बाळ दाखव. नाहीतर गाव सोड." पणजीची भट्टी, आईचं घर, सगळं सोडायचं! मावशी घरी जाऊन खूप रडली. मग तोंड धुतलं आणि दुसऱ्यांच्या शेतात मका सोलायला गेली.

मग आला सप्टेंबर. त्यांच्या स्वातंत्र्याचा दिवस. हिरवे, पांढरे, लाल झेंडे, ढोल, ताशे. मालक ओट्यावर चढला. जयजयकार करायला त्यानं तोंड उघडलं, तर पोटातून बारीक आवाज आला, "चोनामावशी खरी!" लोक बघायलाच लागले. मालक म्हणाला, "उचकी लागली."

मग आला नोव्हेंबर. तिकडे तेव्हा गेलेली माणसं घरी येतात. हसू नका, आपल्याकडे नाही का पितर येत? पण तिकडे गाणी म्हणतात, त्यांच्या आवडीचं रांधतात, आणि दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात. झेंडू मूळचा तिकडचाच, बरं का! मालकानं वडिलांच्या तसबिरीपुढे दिवा लावला. तोच पोटातून आवाज, "आजोबा, तुमच्या पोरानं मला गिळलं हो!" मालकाला घाम फुटला. वडिलांच्या डोळ्याला डोळा देववेना. पण कबूल काही केलं नाही.

मग आला डिसेंबर. नाताळच्या आधी नऊ दिवस तिकडचे लोक तिन्हीसांजेला दारोदार जातात. एक जण होतो योसेफ, एक होते मरिया, म्हणजे बाळ येशूचे आईबाप. बाहेरून गातात, "थंडी आहे, आसरा द्या." आतले आधी नाही म्हणतात, मग दार उघडतात. नवव्या रात्री शेवटचं दार मालकाचं. गर्दीत चोनामावशी उभी होती, काखेत गाठोडं. सकाळी गाव सोडायचं होतं ना तिला.

लोकांनी गाणं म्हटलं. मालक आतून ओरडला, "ती बाई असेल तर दार उघडणार नाही! जागा नाही इथे!"

आणि पोटातून बाळ रडायलाच लागलं. "माझी आई बाहेर थंडीत उभी, आणि मी आत! उघडा दार!"

हे सगळ्या गावानं ऐकलं. मालकाला असा ठसका लागला, असा ठसका लागला, की तो धडपडत दाराशी आला, कडी काढली, आणि बाळ टुणकन उंबऱ्यावर पडलं.

मालकानं कुलपाची किल्ली काढली, चांदीची थैली काढली, आणि मान खाली घालून दोन्ही पुढे केली.

मावशीनं किल्ली घेतली. म्हणाली, "चांदी ठेवा तुमची. माझ्या पावात बाळ होतं की नव्हतं, तेवढं सांगा."

"होतं," मालक पुटपुटला.

"मागच्यांना ऐकू नाही आलं, मालक."

मग मालक साऱ्या गावासमोर मोठ्यानं म्हणाला, "होतं! चोनामावशीच्या पावात बाळ होतं!"

मावशीनं गाठोडं तिथेच सोडलं आणि भट्टी पेटवायला गेली. मालकानं फेब्रुवारीत आपल्या हातानं पीठ मळून गावाला तमालेस खाऊ घातले. पहिले जरा खारट झाले, पण लोकांनी खाल्ले. सगळे पोटभर जेवले, सुखानं राहिले. आता डोळे मिटा बघू. हं, तूसुद्धा.