चार हजार फोटो आणि एक फोन

आवाज पुन्हा तुटला!

“आबा, बाळाचं नाव आम्ही मा… ड ठेवतोय,” सातासमुद्रापलीकडून राजकन्या म्हणाली आणि फोन खरखरला.

“माकड?” काजळगडचे राजे गजेंद्रराव ताडकन उठले. “माझ्या नातवाचं नाव माकड?”

गडावर इंटरनेटची एकच बारीक लाइन. तिच्यावरच युवराज कुस्त्या बघायचे, दिवाणजी पत्रं धाडायचे. राजांनी हुकूम सोडला, “जे जे राजाचं, ते आधी जाईल! बाकीच्यांनी थांबावं!”

झालं! युवराजांचा पैलवान हवेतच अडकला. दिवाणजींचं पत्र जागचं हलेना. आणि राजांचा फोन? तो तर आणखीनच तुटायला लागला!

राजांनी इंटरनेटची पेटी सांभाळणाऱ्या ठकूबाईला बोलावलं. “संध्याकाळी बारसं आहे. तोवर माझा फोन स्वच्छ ऐकू आला पाहिजे. कुणाचंही काम बंद पडता कामा नये. नवी लाइन मिळणार नाही. जमलं नाही तर गड उतरायचा!”

ठकूबाईचा सारा जन्म गडावर गेलेला! पण ती हसून म्हणाली, “महाराज, आपली वाट अडवणारा सापडला, तर त्याला शिक्षा काय?”

“तोफेच्या तोंडी देईन!”

“मग तोफ भरू नका. वाट अडवणारे महाराजच आहेत!”

ठकूबाई बोटांवर मोजत सांगू लागली.

“आपले चार हजार फोटो सकाळपासून राजकन्येकडे निघालेत. घोड्यावरचे, हत्तीवरचे, आरशापुढे मिशीला पीळ देतानाचे! फोटो राजाचे, फोनही राजाचा. हुकमानं दोन्ही पहिले. मग त्या गर्दीत बोलणं चेंगरणारच!”

राजे ओशाळले. “बरं, कर तुझ्या मनासारखं.”

ठकूबाईनं पेटीला नवा हुकूम दिला. माणूस बघायचा नाही, काम बघायचं. बोलणं सगळ्यांत आधी, मग ते राजाचं असो की माहुताचं. ते असतं इवलंसं, पण उशिरा पोचलं की वाया जातं. कुस्तीला तिचा ठरलेला वाटा. पत्रं आणि फोटो उरलेल्या जागेतून. त्यांनाही थोडी वाट कायम मोकळी.

संध्याकाळी फोन वाजला. “आबा, मार्तंड! नाव मार्तंड ठेवलंय!” मागून बाळाचं रडणंसुद्धा खणखणीत ऐकू आलं. राजांचे डोळे भरले. शेजारच्या महालातून युवराज ओरडले, “चीतपट!” दिवाणजींच्या पत्राला तर उत्तरही आलं.

पण फोन ठेवताच राजांनी विचारलं, “ठकू, माझे फोटो किती गेले?”

“बाराशे. उरलेले सकाळपर्यंत पोचतील.”

“म्हणजे माहुताचा फोन पुढे आणि राजा मागे? हा अपमान आहे!”

“छे, महाराज! मागे राहिल्या त्या आपल्या मिशा. पुढे गेला तो आपला शब्द! आता आपणच सांगावं, राजाचं मोठं काय? मिशा की शब्द?”

राजांचा हात मिशीवर गेला, तिथंच थबकला, आणि ते पोट धरधरून हसू लागले. “शब्द, बाई, शब्द!” त्यांनी गळ्यातली मोत्यांची माळ काढून ठकूबाईच्या ओंजळीत टाकली आणि गडाची सगळी लाइन कायमची तिच्या हुकमाखाली दिली.