वीतभर राहिलेली गोधडी

“…आणि ही? ही कुठल्या गठ्ठ्यातली?”

“ती टाकाऊतली, आक्का. दादा म्हणतो, थंडीत रेडकावर टाकायला होईल.”

“दादा म्हणतो. तू काय म्हणतेस?”

“मीही टाकाऊतच घातली होती. पण…”

मालननं गोधडीची दुमडलेली कड सरळ केली.

टेकडीवरच्या दत्ताच्या मठीत, ओसरीवर, सहा गोधड्या उलगडून पडल्या होत्या. मालनची आई जाऊन उद्या वर्ष होणार होतं. आईच्या हातच्या गोधड्या मालननं निवडून निवडून तीन गठ्ठे केले होते. चांगल्या, बऱ्या आणि टाकाऊ. प्रत्येक गठ्ठ्याला वहीच्या कागदाची चिठ्ठी टाचली होती.

बायजाक्का या मठीत राहायला आल्या त्याला चाळीस वर्षं होऊन गेली असतील. कुणी त्यांना गुरू म्हणे, कुणी नुसतंच आक्का. उपदेश त्या करत नसत. लोकांचे जुने कपडे घेऊन गोधड्या शिवून देत. शिवताना कुणी काही विचारलं तर सुई थांबवून ऐकत. एवढंच.

मालनची आई टाका शिकली ती आक्कांकडंच. पुढं मालनलाही तिनं दोन उन्हाळे इथं शिकायला धाडलं. पण मालनचा टाका काही सरळ पडला नाही. “तुझे टाके म्हणजे ढांगा टाकत बाजाराला निघालेली बाई,” आक्का एकदा हसून म्हणाल्या होत्या. तेव्हापासून मालननं सुई हातात धरली नव्हती.

“काय काय आहे हिच्यात?” आक्कांनी टाकाऊ गोधडी मांडीवर ओढली.

“वरनं आईचं हिरवं लुगडं. आत अप्पांचं धोतर, दोन पदरी. आणि हे निळं…” मालननं एका ठिगळावर बोट ठेवलं. “हा माझा शाळेचा स्कर्ट. सातवीपर्यंतचा. चुण्या अजून दिसतात बघा.”

“निजत कोण होतं हिच्यात?”

“अप्पा. शेवटचं वर्षभर. ते गेले, मग आई.”

“आणि ही टाकाऊ.”

“फाटलीय ना, आक्का!”

आक्कांनी गोधडी बाजूला ठेवली. मग ‘चांगल्या’ची चिठ्ठी असलेली एक उचलून नाकाशी नेली. बराच वेळ हुंगली.

“डांबरगोळ्या?”

“हो. कडुलिंबाचा पालापण घातला होता.” मालनचा आवाज जरा चढला. “तीन वेळा गरम पाण्यातनं काढल्या. उन्हं दिली. एकेक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात. वर्षात कुणाला हात लावू दिला नाही. दादानं तर आईचा पाटा दाराबाहेर टाकला होता, कुत्रं बसायचं त्याच्यावर. मीच आणला उचलून. आईच्या वस्तू माझ्याएवढ्या कुणी जपल्या नसतील, आक्का.”

“खरं आहे.”

“मग?”

“आईचा वास कुठं गेला, ते हुडकत होते.”



पायऱ्यांवरनं हाक आली. “माले! आटपलं का नाही? गोधड्या दाखवायला गेलीस का विकायला?”

“तुझा भाऊ ना?” आक्कांनी विचारलं.

“हो. शिरपतीदादा. खाली गाडी लावून बसलाय.”

“ए शिरपा,” आक्का बसल्या जागेवरनं ओरडल्या, “तोंडातली तंबाखू थुंकून ये, नाहीतर तिथंच बस!”

खाली हसण्याचा आवाज आला.

मालनची अडीच वर्षांची पोर, दुर्वा, गोधड्यांच्या ढिगातनं रांगत, लोळत, पालथी होत खेळत होती. दोनदा मालननं तिला ओढून बाजूला बसवलं. दोनदा ती परत आली.

“पोर कशात निजते?”

“दुकानातनं ब्लँकेट आणलंय. चांगलं आहे, फुलाफुलांचं.”

“आजीची नाही पांघरत?”

“मागते. आजीची दे म्हणून रडते. पण आक्का, ही अजून अंथरूण ओलं करते. मी कशी देऊ? धुऊन धुऊन विरून जातील. आई काय आता नवी शिवणार आहे?”

आक्कांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मालनला कळलं नाही.

“हे विचारायला आली नाहीस तू,” त्या म्हणाल्या. “त्या पिशवीत काय आहे?”

मालननं पदराआडची पिशवी पुढं घेतली. दोन पिशव्या होत्या, एकात एक. आतनं एक लहान गोधडी निघाली, पोराला पुरेल एवढी. पिवळ्या लुगड्याची. कडेनं आत, आत, आत गोल फिरत गेलेले टाके. तांदळाचे दाणे ओळीनं मांडावेत तसे.

मधोमध वीतभर जागा राहिली होती. तिथलं ठिगळ तीन बाजूंनी शिवलेलं, चौथी बाजू उघडी. खिशासारखी. आणि त्या तोंडाशी सुई. दोरा सुईत तसाच, हातभर लोंबत असलेला.

“दुर्वाला शिवत होती,” मालन म्हणाली. “दुपारची या टाक्याशी थांबली. म्हणाली, जरा पडते… सुई तशीच ठेवली. मीही तशीच ठेवली. वर्ष झालं. कुणाला हलवू दिली नाही.”

आक्का बघत राहिल्या.

त्यांच्याकडं शिकलेल्या बायका त्या मधल्या जागेला पोट म्हणत. सगळी गोधडी झाली की शेवटी त्या पोटात भाकरीचा एक घास ठेवायचा आणि मग तोंड शिवायचं. तोवर गोधडी कुणी अंगावर घेत नसे. उपाशी गोधडीखाली झोप लागत नाही, असं त्या मानत.

“वहिनी म्हणते, उपाशी गोधडी वर्षाच्या पुढं घरात ठेवू नये. आईच्या राहिलेल्या कपड्यांबरोबर आज नदीला देऊन टाकायची. दादा त्यासाठीच थांबलाय. इथनं तसाच नदीवर जाणार.” मालननं गोधडी छातीशी धरली. “मी म्हटलं, पुरी झाली तर नाही ना द्यावी लागणार? म्हणून आले. आक्का, तुम्ही पुरी करा.”

“मी?”

“तुमचा टाका आणि आईचा टाका एकच. दोराही आणलाय, तीन बाजार फिरून. तसाच्या तसा रंग. तुम्ही शिवलंत तर कुणाला कळणार नाही.”

“काय कळणार नाही?”

“आई कुठं थांबली ते.”

आक्कांनी हात पुढं केला. मालनला वाटलं, गोधडी मागतायत. तिनं दिली.

आक्कांनी सुई धरली आणि उपटली.

“आक्का!”

सुई सहज निघाली नाही. कापडाला धरून बसली होती. निघाली तेव्हा तांबडी होती, आणि जिथं ती वर्षभर टोचून होती तिथं पिवळ्या लुगड्यावर गंजाची लांब रेघ उठली होती. आक्कांनी त्या रेघेवर नख फिरवलं. कापड पापडासारखं तुटलं. बोट आरपार गेलं.

मालन बघत राहिली.

“मी… मी हातसुद्धा लावला नव्हता, आक्का.”

“दिसतंय.”

आक्कांनी दोरा काढून गंजकी सुई कोनाड्यात ठेवली. आपल्या डबीतली दुसरी काढली. आईचा लोंबता दोरा ओल्या बोटांनी सारखा केला आणि सुई मालनपुढं धरली.

“ओव.”

“मी नाही शिवणार.”

“ओव म्हटलं. मला सुईचं नेढं दिसत नाही आता. सहा वर्षं झाली, दुसऱ्याच्या डोळ्यानं ओवते.”

मालननं सुई ओवली. परत द्यायला गेली, तर आक्कांचे हात पदरात.

“आक्का, माझा टाका वाकडा येतो. तुम्हीच म्हणाला होता.”

“म्हणाले होते.”

“लगेच दिसेल. इथवर आई, आणि हे पुढचं तिच्या पोरीचं, वेंधळीचं.”

“दिसेल.”

“मग कशाला…”

आक्का उठल्या. गुडघ्यावर हात टेकून आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात अर्धी भाकरी होती. सकाळची, गार. तिचा लहानसा घास मोडून त्यांनी मालनच्या तळहातावर ठेवला. उरलेली भाकरी ओसरीच्या कडेला फेकली. तिथं टपून बसलेल्या कावळ्यानं ती उचलून नेली.

“घाल पोटात. आणि शिव.”

मालननं घास धरला. गोधडीचं तोंड दुसऱ्या हातानं उघडलं.

हात पुढं जाईना.

एकदा हा घास आत गेला की तोंड शिवायचं. तोंड शिवलं की झालं. मग आईचं करायचं राहिलेलं असं जगात काही उरत नाही… हे ती बोलली नाही. पण तिची बोटं तशीच थांबली होती, आणि डोळे भरून आले होते, आणि तळहात उघडाच होता.

आक्का थांबल्या. घाई केली नाही.

तेवढ्यात दुर्वा ढिगातनं बाहेर आली. मालनच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. तळहातावरचा घास तिनं बघितला, उचलला आणि तोंडात घातला.

“अगं! थू कर! थू!”

मालननं तिचे गाल दाबले. पोरीनं ओठ घट्ट मिटले, भराभर चावलं, गिळलं. वर तोंड उघडून दाखवलं. काही नव्हतं.

“खाल्लं,” दुर्वा म्हणाली.

आक्का पोट धरून हसत होत्या.

“हसताय काय, आक्का! गोधडीचा घास होता तो!”

“होता खरा.”

“आणखी भाकरी आहे का आत?”

“नाही.”

“मग आता? हिचं पोट रिकामंच राहिलं की!”

आक्कांचं हसू थांबलं.

“कुणाचं?”

मालननं दुर्वाकडं पाहिलं.

दुर्वा आता त्या पिवळ्या गोधडीच्या एका टोकावर बसली होती. मग आडवी झाली. गाल कापडाला लावला, कुशीवर वळली, आणि ज्या बाजूचं टोक हाताला लागलं ते अंगावर ओढलं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी हटकलंही नाही.

मालनचा हात एकदा पुढं आला, तिला उठवायला. अर्ध्यातनं मागं गेला.



मग तिनं सुई घातली. पहिला टाका. लांब, तिरका. आईच्या बारीक टाक्यांच्या शेजारी तो एकदम मोठा दिसला. तिनं आक्कांकडं पाहिलं. आक्का समोरच्या चिंचेकडं बघत होत्या.

दुसरा टाका. तिसरा. गंजानं फाटलेल्या जागी तिनं कापड दुमडून आत घेतलं, तिथं तर शिवण चांगलीच चुणली.

पायऱ्यांवर वहाणा वाजल्या. शिरपतीदादा हातात कपड्यांचं गाठोडं घेऊन वर आला, उंबऱ्याशी आक्कांना वाकून नमस्कार केला आणि बहिणीकडं वळला.

“माले, ऊन कलायला लागलं. ही द्यायची ना नदीला? आण इकडं.”

“नाही, दादा.”

“नाही म्हणजे? तुझी वहिनी मला घरात घेईल का?”

“दुर्वा झोपलीय हिच्यावर.”

दादानं वाकून पाहिलं. पोरीचं तोंड उघडं होतं, ओठाला भाकरीचा कण चिकटलेला.

“अशी गाढ कधी झोपत नाही ही,” तो हळू आवाजात म्हणाला. “आमच्याकडं आली की घर डोक्यावर घेते.” मग त्याची नजर शिवणीवर गेली. “हे तू शिवलंस? लांबनं ओळखू येतंय की गं!”

“येऊ दे.”

दादा आणखी काही बोलणार होता. आक्कांकडं बघून त्यानं ते गिळलं. जाताना टाकाऊतली फाटकी गोधडी उचलायला वाकला.

“रेडकाला नेतो हीच.”

“ठेव ती,” मालन खाली मान घालूनच म्हणाली. “रेडकाला ते फुलाफुलांचं ब्लँकेट देते मी. नवं आहे.”

“आयला, रेडकाची मजा आहे!” दादा म्हणाला आणि हसत, गाठोडं सावरत पायऱ्या उतरून गेला. थोड्या वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

मालन शिवत राहिली. झोपलेल्या पोरीला धक्का लागू नये म्हणून ती गोधडी ओढत नव्हती, स्वतःच सरकत होती. एका गुडघ्यावरनं दुसऱ्या गुडघ्यावर. चौथी बाजू मिटत आली. आईचा दोरा आखूड होत होत बोटभर उरला.

शेवटचा टाका घातला.

ती बघत बसली. कडेपासनं आतपर्यंत आईचे दाणे, आणि मधोमध तिच्या ढांगा.

तिनं उरलेल्या दोऱ्याला पीळ दिला आणि गाठ मारायला बोटाभोवती गुंडाळला.

“गाठ नको मारू,” आक्का म्हणाल्या.

“अहो, गाठ नाही मारली तर…”

चिंचेखाली पाचोळा सरकत होता.

“आक्का… सुटलं तर?”

“मग शिवशील.”